बोंबलाच्या बर्फातल्या जुळ्या बहिणी

सन्माननीय अध्यक्ष आणि आमच्या प्रयोगशाळेचे मालक श्री. चिरागभाई शाह, रोह्याहून आलेले प्रमुख पाहुणे श्री. ओंकार गुंजाळसाहेब, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आणि ज्यांना जाऊ द्यायची इथे एकाचीही तयारी नाही, त्या सत्कारमूर्ती श्रीमती नीराताई नाखवा, पहिल्या रांगेतल्या त्यांच्या मातोश्री ठमीआई आणि बंधू सदाभाऊ, मला मोजून पाच मिनिटं देऊन आताच घड्याळाकडे बघणारी सूत्रसंचालिका मृणाली, आणि खुर्च्या कमी पडल्या म्हणून खिडक्यांत बसलेल्या माझ्या सहकारी बंधुभगिनींनो, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

आज शुक्रवार, ३१ जानेवारी २०२५. पहाटे पाच वाजून वीस मिनिटांनी मी नागावला आमच्या पडवीत बसून याच भाषणातले ऱ्हस्व-दीर्घ तपासत होतो. आई म्हणाली, "अरे परेश, तू हे बोलणार हायस का कुणाला वाचाया देणार हायस?" मी म्हटलं, बोलणार आहे. ती म्हणाली, "मग बोलताना कुणाला दिसतंय वेलांटी कुठली ती?" मुद्दा बरोबर आहे. तरी मी तपासले. माझा स्वभावच तसा आहे. घरातून निघताना गॅस तीनदा बघतो, बसमध्ये बसलो की चौथ्यांदा आठवतो. मी कागदाकडे वारंवार बघत असेन तर तो नीराताईंवरच्या आदराचा परिणाम समजावा. काही भाग भीतीचा आहे, त्याचं कारण पुढे येईल.

मी बारावी नापास आहे. दोनदा, आणि दोन्ही वेळा रसायनशास्त्रात. मग रसायनांच्या प्रयोगशाळेत कसा आलो? फेब्रुवारी बावीसमध्ये कंत्राटदाराने मला काचेच्या बाटल्या धुवायला पाठवलं. तिसऱ्या दिवशी नीराताईंनी मला एका बाटलीवर लेबल लिहायला सांगितलं. 'आयसोप्रोपिल अल्कोहोल'. मी लिहिलं, पुन्हा वाचलं, खाली तारीख घातली, सही केली. ताईंनी लेबल चष्मा वर करून पाहिलं आणि विचारलं, "तारीख कुणी सांगितली घालाया?" मी म्हटलं, कोणी नाही, पण कधी भरली ते कळायला हवं ना. ताई म्हणाल्या, "रितेश, हे बघ. तू एम.एस्सी. हायस." रितेश, तू हसतो आहेस ते मला इथून दिसतंय.

आता आपल्यापैकी पुष्कळजण नीराताईंच्या घरचे, गावचे आहेत. ताई इतकी वर्षं रोज सकाळी डबा घेऊन जायच्या त्या करायच्या काय, हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही. सदाभाऊ मघाशी मला म्हणाले, "आमची नीरा रगत तपासते ना?" नाही हो, भाऊ! एकतीस वर्षं झाली! ताई रक्त तपासत नाहीत. ताई जुळ्या बहिणी वेगळ्या करतात.

खाजणात चिखलावर ते छोटे खेकडे पळतात, एक नांगी मोठी, एक बारीक. नीट बघितलंत तर काहींची डावी मोठी असते, काहींची उजवी. बाकी सगळं सारखं. वजन सारखं, रंग सारखा, आणि एकाला आरशासमोर धरलं तर आरशात दुसरा दिसेल. औषधांच्या रेणूंमध्येही अशा जोड्या असतात. कारखान्यात बनवायला घेतले की बहुतेक वेळा दोन्ही बनतात, निम्मे डावे, निम्मे उजवे. शरीराला मात्र फरक कळतो. एक आजार बरा करतो, दुसरा नुसता बसून राहतो, कधी कधी त्रासही देतो. म्हणून ते वेगळे करून मोजावे लागतात. कसे करणार? वजनाने होत नाहीत, उकळून होत नाहीत, गाळून तर होतच नाहीत.

मला हे समजेना तेव्हा ताईंनी कोळीवाड्याची गल्ली सांगितली. म्हणाल्या, "जुळ्या पोरी हायत समज, दिसायला एकसारख्या. एक आपल्या गल्लीत वाढली, दुसरी मामाकडं मुरुडला. दोघींना एका टायमाला गल्लीच्या तोंडाशी सोड. मुरुडवाली सरळ चालत पार जाईल, तिला कोण वळखतंय? आपली पोर मात्र दर दाराशी थांबेल. ही म्हणेल च्या घे, ती म्हणेल लगीन कधी. दहा मिन्टाच्या वाटंला तास. दुसऱ्या टोकाला तू घड्याळ घेऊन उभा राहा. कोण आधी आली, कोण मागनं, ते लिही. झालं."

मित्रहो, यालाच कायरल लिक्विड क्रोमॅटोग्राफी म्हणतात. (हा शब्द मी अकरा वेळा लिहून पाहिला आहे.) ती गल्ली म्हणजे कॉलम. वीतभर लांबीची पोलादी नळी, आत बारीक भुकटी भरलेली, आणि भुकटीच्या कणांवर एक लेप. बटाट्यात स्टार्च असतो ना, त्याच्याच जातीचा, थोडा बदललेला. त्या लेपाला स्वतःलाच डावं-उजवं असतं, म्हणून तो एका बहिणीला ओळखतो आणि दुसरीला ओळखत नाही. पंप द्रव ढकलतो, पलीकडे दिवा आणि कागदावर आलेख. जी आधी बाहेर पडली तिचा एक डोंगर, मागून आली तिचा दुसरा. दोन डोंगरांमध्ये सपाट जमीन दिसली की नीराताई म्हणायच्या, "झाली वाटणी!" भावाभावांची वाटणी झाल्यावर इतका आनंद मी आमच्या नागावात कधी पाहिलेला नाही.

अशा कॉलमची किंमत असते एक लाख बेचाळीस हजार रुपये. वीतभर नळीची! सदाभाऊ, तोंड मिटा.

मृणाली, दोन मिनिटं झाली, मला माहीत आहे.

ताईंचे गुण सांगायला मी उभा आहे. शिस्त, चिकाटी, वक्तशीरपणा, हे आधीच्या चारही वक्त्यांनी सांगितलं. चौथा गुण सांगतो. ताई खोटं बोलत नाहीत. एकतीस वर्षांत फक्त एकदा खोटं लिहिलं. ताई, बघू नका माझ्याकडे असं. मी बोलणार आहे.

शनिवार, १४ मे २०२२. दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं. ताई भाचीच्या हळदीला मुरुडला गेल्या होत्या. जाताना मला म्हणाल्या, "कॉलम धुवायला हेक्झेन आणि अल्कोहोल चालू ठेव तासभर, सावकाश. मग पंप बंद कर आणि घरी जा." काम एवढंच. मी तासभर चालू ठेवलं. आलेख बघत बसलो होतो तर शेवटी एक छोटासा उंचवटा दिसला. कसला तरी मळ होता. तांदळाएवढा. दुसरा कोणी असता तर घरी गेला असता. पण मी गॅस तीनदा बघणारा माणूस! मला तो मळ बघवेना. मी तीन महिने बाटल्या धूत होतो, आणि बाटल्या धुण्यात शेवटचा शब्द असतो ॲसिटोन. ॲसिटोनने जात नाही असा डाग नाही. मी अत्यंत काळजीपूर्वक, लेबल दोनदा वाचून, नळी ॲसिटोनच्या बाटलीत सोडली आणि वीस मिनिटं कॉलम धुतला.

आमच्या नोंदी सांभाळणाऱ्या भाविका मॅडमनी कपाळाला हात लावला. ज्यांना कळलं त्यांना कळलं. बाकीच्यांसाठी सांगतो, तो लेप ॲसिटोनमध्ये विरघळतो. मी मळ काढला नाही, गल्लीतली सगळी घरं धुऊन काढली! आता त्या गल्लीत कोणी कोणाला ओळखेना. दोघी बहिणी हातात हात घालून सरळ बाहेर. दोन डोंगरांचा झाला एक.

आणि बुधवारी गुंजाळसाहेबांच्या कंपनीला अहवाल द्यायचा होता. नव्या औषधाचा नमुना होता, त्यात नको असलेली बहीण किती टक्के आहे ते सांगायचं होतं. कॉलम परदेशातून यायला तीन आठवडे. अहवाल चुकला तर त्या कंपनीकडून येणारं आपलं वर्षभराचं काम जाणार, हे चिरागभाईंनी त्याच आठवड्यात दोनदा सांगितलं होतं.

सोमवारी सकाळी मी ताईंना सगळं सांगितलं. बाटली दाखवली, वेळ सांगितली, मिनिटं सांगितली. मला वाटलं, आता ओरडतील. ताई म्हणाल्या, "वीस मिन्टं?" मी म्हटलं हो. "पाच मिन्टात पण गेला असता रं. पंधरा मिन्टांचं ॲसिटोन फुकट घालवलंस." आणि हसायला लागल्या. इतक्या हसल्या की मला रडू आलं.

मग त्यांनी खणातून एक जुना, वापरून दमलेला कॉलम काढला. त्याच्यावर बहिणी जेमतेम वेगळ्या व्हायच्या, डोंगराला नुसता खांदा फुटायचा. त्यात मे महिना, एसी बंद, खोलीत चौतीस अंश, आणि आमच्या यंत्राची पेटी कॉलम फक्त तापवते, थंड करत नाही. ताईंनी तो खांदा बराच वेळ बघितला. मग मला विचारलं, "परेश, भर दुपारच्या उन्हात बायका दारात गप्पा मारत उभ्या राहतात काय?" मी म्हटलं, नाही. "आणि थंडीत?" थंडीत राहतात. "मग चल."

मंगळवारी सकाळी सात वाजता आम्ही थळच्या बंदरावर. सदाभाऊंची होडी लागत होती. भाऊ, आठवतंय ना? ताईंनी विचारलं, "सदा, बर्फ हाय?" भाऊ म्हणाले, "हाय की. किती मासळी हाय तुझी?" ताई म्हणाल्या, "वीतभर." भाऊंनी दोन पाट्या फोडलेला बर्फ एका थर्माकोलच्या पेटीत भरून दिला आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "घरी सगळं ठीक हाय ना हिच्या?"

त्या पेटीत आदल्या दिवशी बोंबील होते. आम्ही कॉलम दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळला, बर्फ-पाण्यात ठेवला, पेटीच्या दोन्ही बाजूंना भोकं पाडून नळ्या बाहेर काढल्या. थर्मामीटर लावला. चार अंश. थंडीने द्रव जड झाला, पंपावरचा दाब चढायला लागला, तसा माझाही. ताईंनी वेग निम्मा केला. नमुना सोडला. वीस मिनिटांचं काम पन्नास मिनिटांवर गेलं. मी आलेखाच्या रेघेकडे बघत होतो आणि पाणी प्यायलाही उठलो नाही. पस्तिसाव्या मिनिटाला एक डोंगर चढला. उतरला. पूर्ण जमिनीला टेकला. आणि मग, दूरवर, सावकाश, दारोदार थांबत, चहा घेत, आमची दुसरी बहीण आली!

"झाली वाटणी!" ताई इतक्या मोठ्याने ओरडल्या की रितेश धावत आत आला आणि म्हणाला, "कोणाचं काय झालं?"

आम्ही सहा वेळा तपासलं. सहाही वेळा तेच. बुधवारी गुंजाळसाहेब स्वतः बघायला आले. दारातच थांबले. "मॅडम, हा वास कसला?" ताई म्हणाल्या, "तापमान नियंत्रणाचा." आणि मग पेटीचं झाकण उघडून सगळं दाखवलं, लपवलं काहीच नाही. अहवालातही सरळ लिहिलं, कॉलम बर्फ-पाण्याच्या पेटीत, चार अंश. साहेबांनी तो मान्य केला, आणि पुढे थंड करणारी पेटी यावी म्हणून पत्रही दिलं. साहेब, आपले आभार. त्या दिवशी आपला शर्ट पांढरा होता आणि वास त्याला लागला असेल, त्याबद्दलही क्षमस्व.

इथपर्यंतची गोष्ट पुष्कळांना माहीत आहे. आता जे माहीत नाही ते.

प्रत्येक कॉलमचं एक रजिस्टर असतं. कोणी वापरला, कशाने धुतला, कोणाची सही. सोमवारी त्यात नोंद करायची होती. मी पेन हातात घेतलं आणि माझ्याच्याने तारीखसुद्धा लिहवेना. मी कंत्राटावरचा माणूस, तीन महिने झालेले. घरी मिठागर विकून झालेलं, वडील ट्रकवर क्लीनर. ताईंनी माझ्या हातातून पेन काढून घेतलं आणि लिहिलं, '१४ मे. ॲसिटोनने धुतला. लेप गेला. कॉलम बाद.' आणि 'काम करणारा' या रकान्यात सही केली. नी. ना.

मी म्हटलं, ताई, हे मी केलं. ताई म्हणाल्या, "धुवायला सांगितलं कुणी? मी. तुला यंत्राला हात लावायची परवानगी व्हती? न्हाय. मग चूक माझी. माझी एक पगारवाढ जाईल. तुझं काय जाईल, ते तुला ठाऊक हाय."

चिरागभाई, आपण त्या वर्षी नीराताईंची पगारवाढ रोखलीत. रजिस्टरात जे होतं त्यावरून आपण वागलात, आपली चूक नाही. आणि रितेश, त्या दिवसापासून तू त्यांना 'ॲसिटोनताई' म्हणत आलास. डब्याच्या वेळी, पिकनिकला, आणि आज तर तू या बॅनरवरही तेच छापायला निघाला होतास. ताई दरवेळी हसल्या. दरवेळी मी शेजारी बसून भात कालवत होतो. दोन वर्षं आठ महिने.

आज का बोलतो आहे? माझं कायम नोकरीचं पत्र चिरागभाईंच्या टेबलावर आहे. उद्या एक तारीख, उद्या त्यावर सही व्हायची आहे. समजूतदार माणूस परवा बोलला असता. पण आज साडेपाच वाजता नीराताईंचा सहीचा अधिकार संपतो, आणि सोमवारपासून ते यंत्र माझ्या हातात आहे. मळलेली सुरुवात मला बघवत नाही.

हे रजिस्टर. कपाटातून आणताना भाविका मॅडमना विचारलं आहे, नोंद केली आहे. पान शेचाळीस. आमच्याकडे चुकीची नोंद खोडत नाहीत, पांढरा रंग फासत नाहीत, पान तर कधीच फाडत नाहीत. एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी बरोबर नोंद, कारण, सही, तारीख, आणि तपासणाऱ्याची दुसरी सही. मी आता आपल्या सर्वांसमोर 'नी. ना.' वर एक रेघ मारतो. झाली. बाजूला लिहितो, 'परेश ठाकूर'. तारीख ३१ जानेवारी २०२५. वेळ चार वाजून एकोणपन्नास मिनिटं. ताई, दुसरी सही तुमची.

काय म्हणालात? 'खाली बस, पोरा'? नाही बसणार. आयुष्यात पहिल्यांदा तुमचं ऐकत नाही.

ठमीआई, काय? ठमीआई म्हणतात, "जा गं नीरे, सही कर, पोर उभा ऱ्हायलाय."

ताई उठल्या. या. शाल सांभाळा. इथे माईकपाशी या, म्हणजे खिडकीतल्यांना ऐकू येईल. ताई चष्मा शोधतायत. डोक्यावर आहे, ताई. ताई वाचतायत. ताई विचारतायत, कारणाचा रकाना कोरा का?

ताई, पहाटेपासून तोच एक रकाना मला भरता आलेला नाही. मी चार वाक्यं लिहून पाहिली. तुमच्या उपकाराबद्दल एक, माझ्या भित्रेपणाबद्दल एक. शुद्धलेखन बरोबर होतं, पण एकही मावेना. तुम्हीच सांगा.

ताई म्हणतात, "लिही, 'नाव चुकीचं'. बास. रजिस्टरात रडायचं न्हाय."

लिहिलं. आणि ताईंनी सही केली! चार वाजून त्रेपन्न मिनिटं! टाळ्या ताईंसाठी, रितेश, तू उभा राहून वाजव!

अध्यक्ष महोदय बोलावतायत. हो, भाई. माईक देऊ? नको? बरं, मी सांगतो. भाई म्हणतात, "नीराबेन, वाढ मी चुकीच्या माणसाची रोकली. त्याचा हिसाब?" भाई, हिसाब मी केलेला आहे. महिना नऊशे, बत्तीस महिने, अठ्ठावीस हजार आठशे. भाई म्हणतात, आजच्या चेकमध्ये चढवा. भाविका मॅडम, लिहून घ्या!

आणि... हो, भाई. ऐकतो आहे. भाई म्हणतात, "अने कॉलमचा एक लाख बेचाळीस हजार, तो तुझ्या पगारातून कापायचा." कापा, भाई. जे योग्य असेल ते. भाई म्हणतात, "अरे पण कापायचा तर पहिले पगार चालू तर ठेवायला लागेल ने? महिना हजार!"

थांबा. थांबा, हसू नका, मला हिशेब करू द्या. एकशे बेचाळीस महिने. म्हणजे अकरा वर्षं दहा महिने. भाई, अकरा वर्षं दहा महिने तुम्हाला मला कामावरून काढता येणार नाही!

माझ्या हातात अजून एक कागद आहे. नोकरी गेली तर वाचायचा निरोपाचा परिच्छेद. चांगला उतरला होता. तो मी आता घडी घालून खिशात ठेवतो.

नीराताई, आपल्याला उदंड आरोग्य लाभो. सभागृहाचे, पाहुण्यांचे, बर्फाचे पैसे अजूनही न घेणाऱ्या सदाभाऊंचे, आणि पाच मिनिटांची वीस करू देणाऱ्या मृणालीचे मी मनापासून आभार मानतो. कोणाचं नाव राहिलं असेल, कोणाचा समोसा गार झाला असेल, तर त्यांनी मोठ्या मनाने पोटात घालावं. आता ठरलेल्या बाकीची उजळणी करून थांबतो. ताईंना येणं, अठ्ठावीस हजार आठशे, आज मिळतील. माझ्याकडून जाणं, एक लाख बेचाळीस हजार, पहिला हप्ता एक मार्चला.

नमस्कार.